वारा सरला का?

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मभर वारा सोडताना कुणाची भीड ठेवली नाही. ओसरीवर पाहुणे बसलेले असोत, ताट पुढ्यात असो, नाहीतर गावात कुणाच्या मयतीला बसलेले असोत, आला की सोडला. वर तोंड असं करायचे, जसं काही दुसऱ्यानंच केलं. मला त्यांना 'ते' म्हणायची सवय आहे म्हणून इथंही 'ते'च लिहिते. मनात मी काय म्हणत होते ते विचारू नका.

लग्न होऊन मला वीसेक दिवस झाले असतील. बापलेक जेवायला बसलेले, मी वरणाची गंजी घेऊन वाढायला वाकलेली, आणि मामाजींचा असा काही सुटला की मला फस्सकन हसू आलं. वीस वर्षांची पोरगी मी, हसणार नाही तर काय करणार! मामाजींनी घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, "बायकोचं थोबाड बंद कर."

नवऱ्यानं केलं. डाव्या गालावर. वरण सांडलं होतं, ते मीच पुसलं.

त्या दिवसापासून घराचा कायदा मला पक्का कळला. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर सासूजवळ सांगायचं. सासू वारल्या, मग हवेला सांगायचं. "ताट वाढलं म्हणाव." "मोटार बंद करायची हाये म्हणाव." कुणाला म्हणाव? कुणालाच नाही, घरात दुसरं माणूसच नसायचं. पण असं बोललं की मामाजी ऐकायचे, न ऐकल्यासारखं करून उठायचे. आमच्याकडे बऱ्याच घरांत हे असं होतं, आता कमी झालंय. आमच्या घरात झालं नाही. बावीस वर्षं मी त्या माणसाशी एक सरळ वाक्य बोलले नाही, आणि त्यांनीही माझ्याशी नाही. ते 'हिले सांग' म्हणायचे, बस.

शेती आमची जाम गावापासून थोडी आत, रस्त्यापासून दूर. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. भाजीची शेती म्हणजे रोजचा तोडा. लग्नाच्या सहाव्या वर्षी माझी आई माहेरी, सिंदी मेघेला, आजारी पडली आणि बाबा मला न्यायला आले. मामाजींनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "वांगे तोडाले आले हाये. चार दिवसांनं न्या." बाबा हात जोडून म्हणाले, "ती पोरीची वाट पाहून राह्यली, दादा." मामाजी म्हणाले, "चार दिवसांत कोणी मरत नाई."

मी दाराआड उभी होते. बोलायची सोय नव्हती. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो खाली बसून चपलेचा अंगठा दाबत होता. बाबा एकटे परत गेले. तिसऱ्या दिवशी आई गेली. फोन आला तेव्हा मी वावरात होते. मामाजी बांधावरून मुलाला म्हणाले, "हिले सांग, तेवढे कॅरेट भरून ठेव, मंग जाय." आणि मी भरले. आजही कधी आठवलं तर माझा मलाच संताप येतो, की मी ते कॅरेट भरले कसे.

हे सगळं सांगितलं ते दया मागायला नाही. पुढचं जे मी केलं, ते मी कोणत्या हातांनी केलं हे कळावं म्हणून.

दोन वर्षांमागची गोष्ट. थंडी होती. मामाजींना बद्धकोष्ठ जुनाच, चार-चार दिवस परसाकडला होत नसे. त्या वेळी मात्र वाराही बंद झाला. पोट फुगत चाललं. पहिल्या दिवशी बेंबीवर हिंग लावला, दुसऱ्या दिवशी एरंडेल पाजलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावची बेंबी बसवणारी बाई आली. तिनं दोन्ही अंगठ्यांनी पोट असं दाबलं की मामाजी गुरासारखे ओरडले. बाई म्हणाली, "सरकली होती, बसली आता." ती गेली आणि मामाजी भडभड ओकले. पोट वाजवलं तर ढमढम वाजायचं. तेव्हा कुठे नवऱ्यानं गाडी बोलावली.

हिंगणघाटला एका डॉक्टरांचा लहानसा दवाखाना होता, वीसेक खाटांचा. त्यांनी पोटाचा फोटो काढला आणि नवऱ्याला समजावलं, "आतड्याला पीळ पडलाय. पाण्याच्या नळीला पीळ पडला की पाणी थांबतं ना, तसा वारा थांबलाय. येतो आहे, साठतो आहे, जायला वाट नाही. असंच राहिलं तर आतडं सडेल, फुटेल." मग म्हणाले, खालून नळी घालून बघू. पिळातून पार गेली तर वारा निघेल. नाही गेली तर पोट उघडावंच लागेल.

नळी घालताना पेशंटला कुशीवर धरायला कोणीतरी पाहिजे होतं. नवरा दोन मिनिटं उभा राहिला आणि पांढरा पडला, भिंत धरून बाहेर गेला. सिस्टर मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही या." मी गेले. जन्मात ज्या माणसाच्या फक्त पायांना हात लावला होता, त्याला कमरेपासून उघडा, गुडघे पोटाशी घेऊन मी धरला. डॉक्टर सावकाश नळी सरकवत होते. मामाजी दात खाऊन कण्हत होते. एकदम कशातून तरी पार गेल्यासारखी नळी आत सरकली आणि वारा सुटला. अहो, काय सांगू! सायकलच्या चाकाची हवा सोडावी तसा, पण संपेचना. पातळ घाण, वास, आणि तो आवाज. माझ्या डोळ्यांदेखत पोट खाली खाली बसत गेलं. डॉक्टर हसले. मामाजींनी "हे बाप्पा" म्हणून डोळे मिटले आणि दोन थेंब गालावर आले. इतकं सुख मी माणसाच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि आपल्याला कोणी धरलंय ते त्यांना दिसलं.

"हिले बाहीर काढा," मामाजी म्हणाले.

नळी दोन दिवस तशीच ठेवली होती. तिचं दुसरं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. वारा आला की बाटलीत बुडबुडे यायचे. गावचे लोक भेटायला आले की दारातूनच विचारायचे, "सरला का वारा?" आणि मग खाली वाकून बाटलीकडे पाहत बसायचे. बुडबुडा आला की, "आला, आला!" पोळ्याच्या बैलाचं नसेल तेवढं कौतुक त्या बुडबुड्यांचं. मामाजींनाही चढलं होतं. पाहुण्यांना म्हणायचे, "पाहा, आता येईन." ज्यावर हसले म्हणून मी गालफाडात खाल्ली, त्यावर सगळा गाव टाळ्या पिटत होता. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून हे बघत होते आणि आतून नुसती जळत होते.

डॉक्टरांनी मात्र रोज सांगितलं, की पीळ सुटलाय, पण तो पुन्हा पडू शकतो. अंगात ताकद आली की शांतपणे ऑपरेशन करून तेवढं आतडं काढून टाकू. मामाजींचं एकच, "पोट फाडू देत नाई. मरीन पन फाडू देत नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. डॉक्टरांनी मला आणि सिस्टरला उभं करून बजावलं. "आता वारा आपला आपण सरला पाहिजे. तो सरला की पाणी सुरू. तोवर थेंब नाही. पोट पुन्हा घट्ट वाटलं, नाहीतर वारा झालाच नाही, तर लगेच सांगायचं. ताबडतोब. लगेच कळलं तर पुन्हा नळी घालता येईल. उशीर झाला तर आतडं हातचं जाईल." नवरा गावाला गेला होता, तोडा होता. म्हणजे लक्ष ठेवायला मी एकटी.

तहानेनं मामाजींचे ओठ फाटले होते. सलाईन चालू होतं, पण घशाला त्याचं काय! सिस्टर पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ओठांवरून फिरवायच्या, तर मामाजी तो बोळाच चोखायला बघायचे. शिव्या द्यायचे. "कुत्र्यालेबी पाणी पाजतेत लेकहो." सिस्टर म्हणायच्या, "बाबा, आधी गॅस, मग पाणी." लहान पोराला खाऊ दाखवावा तसं. मधूनच मामाजी डोळे मिटून, कपाळावर शिरा फुगवून जोर करायचे. काही नाही. मी स्टुलावर. माझे कान दुसरीकडे कुठं असणार? सकाळी सहापासून दहापर्यंत त्या खाटेवरून कसलाही आवाज आला नाही, वास आला नाही. आणि चादरीखाली पोट मात्र हळूहळू वर येत होतं. मला दिसत होतं. त्यांनाही कळत होतं. ते चादर ओढून घ्यायचे.

दहाला डॉक्टर आले. घाईत होते, पलीकडे कुणाला तरी ऑपरेशनला घेतलं होतं.

"काय बाबा, गॅस पास झाला?"

"झाला," मामाजी म्हणाले. "दोनदा झाला. चांगला झाला."

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. कपाळाला आठी पडली. "सिस्टर?"

"मी औषधं वाटत होते सर. या ताई बसल्या होत्या इथं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, झाला का हो खरंच?"

आता ऐका. त्या वेळी मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, डोळ्याला डोळा भिडवून. त्या डोळ्यांत हुकूम नव्हता. गयावया होती. बोलू नको, म्हणत होते ते डोळे. पाणी पायजे, कापतीन मले, बोलू नको.

मला बोलायला किती लागत होतं? 'नाही' एवढंच. ते पुन्हा नळी घालतील, पुन्हा वारा सुटेल, माणूस वाचेल, मला सगळं ठाऊक होतं. सकाळीच कानात बजावलं होतं. मी काही घाबरले नव्हते, गोंधळले नव्हते. उलट डोकं लख्ख होतं माझं. मला वाटलं, सुनेनं बोलायचं नाही ना? मग नाही बोलत. परक्या पुरुषासमोर सासऱ्याला खोटं पाडायचं नाही ना? नाही पाडत. तुमचाच कायदा, मामाजी, घ्या! आणि खरं सांगते, मला आनंद झाला. गार पाणी प्यायल्यासारखं छातीत गार वाटलं.

मी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"लाजतात हो त्या," सिस्टर हसल्या. "सासरे आहेत ना."

डॉक्टरही जरासे हसले. "बरं. दोन-दोन चमचे पाणी द्या. दुपारी एक फोटो काढू." आणि गेले.

पाणी मीच पाजलं. पहिला चमचा मामाजींनी दातांत घट्ट धरून ठेवला. दोन चमचे झाले, त्यांनी ग्लासकडे बोट केलं. मी ग्लास तोंडाला लावला. सगळा. मग चहा मागितला, खालून चहा आणला, तोही पाजला. कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारं माणूस, मागतंय, कसं नाही म्हणू! कोणी विचारलं नाही. सिस्टर बारा वाजता डोकावल्या, "बाबा, बरं?" बाबा म्हणाले, "बरं." मी भिंतीकडे बघत होते. दोन वाजता आल्या. तेव्हा मामाजींना बोलवतही नव्हतं, त्यांनी नुसता हात हलवला. डॉक्टर अजून ऑपरेशनमध्येच होते. मी तेव्हाही बोलू शकत होते. दहाचा आनंद तोवर उतरला होता, पण जीभ हलली नाही. आता बोलले तर विचारतील, सकाळी का नाही बोललीस? ही भीती सुरू झाली होती. म्हणजे सूड सकाळचा, आणि दुपारपासून नुसती स्वतःची कातडी वाचवणं.

चारला मामाजी हिरवं ओकले. अंगात ताप होता, पोटाला हात लावू देईनात. डॉक्टर धावत आले. "गॅस झाला होता म्हणाले ना?" मी खाली वाकून ओकारी पुसायला लागले. नवऱ्याला फोन गेला. सही त्यानं केली. मामाजी नाही म्हणायच्या शुद्धीत नव्हते.

पोट उघडलं तर आतडं हातभर काळं पडलं होतं. ते कापून काढलं आणि वरच्या आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "सकाळीच कळलं असतं तर नळीवर भागलं असतं."

नवरा माझ्याकडे आला. "तुले नाई समजलं?"

"माह्या डोळा लागला होता," मी म्हणाले.

त्याला वाटलं, तीन दिवसांची जागी आहे बिचारी. त्यानं माझ्यासाठी चहा आणला. लग्नानंतर त्यानं स्वतः आणून दिलेला मला आठवणारा तेवढाच चहा.

मामाजी जगले आणखी आठ महिने. पोटाला ती पिशवी. तिच्यातून घाणही यायची आणि वाराही. आणि वाऱ्यावर ताबा नाही, कसा असणार, तिथं आवळायला काही नसतंच. केव्हाही, कुणाहीसमोर, पोटातूनच फर्रर्र. पिशवी फुगायची, मग चिमटा सोडून वारा काढून द्यावा लागायचा. मुलाला ते बघवेना, त्याला उमासे यायचे. म्हणून ते काम माझं. दवाखान्यात सिस्टरनी मला शिकवलं, मी हुशार निघाले.

पहिले दोन महिने मी फार वाईट वागले. पाहुणे बसलेले असताना मुद्दाम यायची. त्यांच्यादेखत सदरा वर करून चिमटा सोडायची. घरभर वास सुटायचा. पाहुणे इकडेतिकडे बघायचे, मामाजी डोळे मिटून पडून राहायचे, आणि बाहेर जाताना बायका म्हणायच्या, "अशी सून भेटाले भाग्य लागते व." मी मान खाली घालायची. ते मला चांगलंच जमत होतं.

पुढं पुढं त्यांनी ओसरीवर बसणं सोडलं. गावात जाणं नाही, शेतात नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड. एकदा मी झाडत होते तर मागून आवाज आला, "भरली व. पाह्यतं का जरा?" मला समजेना कोणाला म्हणताहेत. खोलीत मी एकटीच होते. मी गेले, पिशवी बदलली. मग ते रोजच बोलायला लागले. पाणी दे. खिडकी लाव. जेवली का? जेवली का, मला! मी मान हलवायची. मुद्दाम पाहुण्यांसमोर जाणं माझं कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. माणूस इतका बारीक झाला होता की छळायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत, एका दुपारी, मी पिशवी काढून कातडी पुसत होते. नवरा वावरात. मामाजी म्हणाले, "दार लोट."

मी लोटलं.

"एक सांगाचं हाये. मनात ठेवशीन?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी डाक्टरले म्या खोटं सांगतलं. वारा सरलाच नव्हता. घसा असा सुकला होता बाई... अन् कापाचं भेव. म्हणून म्हणलं झाला." त्यांना धाप लागली. "तुया नवऱ्याले नको सांगजो. बाप पान्याच्या घोटासाठी खोटं बोलला म्हणंन. पोट्ट्याच्या मनातून उतरीन मी."

माझ्या हातात ओला फडका होता. त्याचं पाणी त्यांच्या पोटावर गळत होतं, ते मी बघत राहिले.

"डाक्टरनं तुले इचारलं, पन तुले काय मालूम, पोट्टा सांगे, सकाळभर तुया त डोळा लागला होता," मामाजी म्हणाले. "तू जागी असती त सांगतलं असतं डाक्टरले. मले खोटं पाडून सांगतलं असतं. वाचवलं असतं मले तू." त्यांचे डोळे भरले. "अन् मायी करनी, निस्तरा लागते तुले."

मी जागीच होते, मामाजी. हे वाक्य अगदी दातांच्या मागं येऊन उभं होतं. मी तोंड उघडलंही.

"नाई सांगत," मी म्हणाले.

त्यांनी हात उचलला. उचलवत नव्हता, मध्येच खाली पडला, म्हणून त्यांनी डोळ्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. मी वाकले. तो हात माझ्या डोक्यावर ठेवून ते काहीतरी पुटपुटले. आशीर्वादच असणार, दुसरं काय. मग त्यांना गाढ झोप लागली, आणि हात हलवला तर जागे होतील म्हणून मी तशीच वाकून कितीतरी वेळ बसून राहिले.